बाकीचे अडतीस कुठं गेले? – भाषा-प्रयोगशाळा विकत घेणाऱ्यांना खुले पत्र

माननीय प्राचार्य, संस्थाचालक आणि खरेदी समितीचे सन्माननीय सदस्य,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात एका महाविद्यालयात नव्या लँग्वेज लॅबचं उद्घाटन झालं. पाहुण्यांत मीही होते. फीत कापून झाली, नारळ फुटला, सगळे आत गेलो. चाळीस मुलं चाळीस संगणकांसमोर, प्लायवूडच्या आडोशाच्या चाळीस खोक्यांत हेडफोन लावून बसलेली. अध्यक्ष भाषणात म्हणाले, "बघा, एवढी मुलं बसली आहेत, पण टाचणी पडली तरी ऐकू येईल!" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, पुढच्या रांगेत बसलं की वाजवाव्या लागतात. परतीच्या एसटीत मात्र ते वाक्य काही डोक्यातून जाईना. भाषा शिकायच्या खोलीत टाचणी ऐकू येते याचा अर्थ तिथं कुणी बोलत नाही. तालमीत घामाचा वास येत नाही म्हणून कुणी वस्तादाचं कौतुक केलेलं मी ऐकलेलं नाही.

मी २२ वर्षं मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी इंग्रजी शिकवते. मुलं मराठी माध्यमातली, निम्मी आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून एसटीनं येणारी. संगणकावर भाषा शिकवायला माझा विरोध नाही, हे आधीच सांगते, नाहीतर 'मॅडमना कॉम्प्युटर जमत नाही' अशी सोयीची समजूत होईल. मला जमतो. आमच्या कॉलेजातल्या दोन्ही लॅब मी चालवल्या, जुनी आणि नवी. आता मार्च जवळ आला आहे, ३१ तारखेच्या आत निधी खर्ची पडलाच पाहिजे म्हणून ठिकठिकाणी दरपत्रकं मागवली जात असतील. तुलनात्मक तक्त्यावर सह्या व्हायच्या आत हे वाचलं जावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

जुन्या लॅबमध्ये ३० मशीन होती. चालू सतरा, पावसाळ्यात पंधरा. बॅच ३४ जणांची. म्हणजे एका मशीनला दोघं, आणि हेडफोनची रड तर वेगळीच: एक कान एकाचा, दुसरा कान दुसऱ्याचा. मी दर वर्षी नव्या मशीनसाठी अर्ज करायचे आणि दर वर्षी मला तो दारिद्र्याचा कारभार वाटायचा. त्यातली कमाई काय होती, हे ती लॅब गेल्यावर कळलं.

एक तास सांगते. मी एसटीच्या वेळापत्रकाचा खेळ केला होता. जोडीतल्या एकाच्या पडद्यावर बीड, नगर, पुण्याच्या गाड्यांच्या वेळा. दुसऱ्याच्या हातात कागद: आजीला डोळे तपासायला पुण्याला न्यायचंय, अकराच्या आत पोचायचंय, गाडी एकदाच बदलता येईल. पडद्यावरचं दाखवायचं नाही, कागदावरचं दाखवायचं नाही, इंग्रजीत विचारून गाडी ठरवायची. एका मुलीनं 'सिक्स फिफ्टी' सांगितलं, मैत्रिणीनं 'सिक्स फिफ्टीन' लिहून घेतलं. पुढची सगळी आखणी त्यावर. शेवटी ताळा करताना लक्षात आलं की आजी पस्तीस मिनिटं स्टँडवरच्या बाकड्यावर बसून राहिली. "मी फिफ्टीच म्हटलं होतं!" "नाही, फिफ्टीनच म्हटलीस!" भांडण जुंपलं, ते मराठीत. मी जवळ गेले पण बोलले नाही. दोघींनी ते दोन शब्द चार-चारदा म्हणून पाहिले आणि मग एकीला सापडलं. तिनं टेबलावर थाप मारून दाखवलं: पन्नास म्हणताना थाप सुरुवातीला पडते, पंधरा म्हणताना शेवटी. फिफ्टी. फिफ्टीऽऽन. तास संपेपर्यंत सगळी लॅब टेबलं बडवत होती, थर्टी-थर्टीऽऽन, फोर्टी-फोर्टीऽऽन. बाजूच्या वर्गातून शिपाई आला, काय झालं म्हणून.

इंग्रजीत आघात असतो, तो कुठं पडतो त्यावर ऐकणाऱ्याचं कळणं ठरतं, हे मी तोवर फळ्यावर तीनदा लिहून दिलं होतं. वह्यांत सुंदर अक्षरात उतरलंही होतं. पण कळलं ते आजी बाकड्यावर बसली तेव्हा. महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. हेच दोन शब्द त्याआधीच्या आठवड्यात दोघींनी सॉफ्टवेअरसमोर म्हटले होते आणि दोन्हींवर हिरवी खूण आली होती. मशीनला पुढं कोणता शब्द येणार हे आधीच माहीत होतं. मैत्रिणीला माहीत नव्हतं.

नवी लॅब आली तेव्हा मला आनंदच झाला होता. चाळीसच्या चाळीस मशीन चालू, एसी, प्रत्येकाला स्वतंत्र खोकं, दोन्ही कान झाकणारे हेडफोन. मुलानं वाक्य म्हणायचं, मशीननं गुण द्यायचे. पहिले दोन आठवडे मुलं खूश. तिसऱ्या आठवड्यात एक मुलगी तास संपल्यावर थांबली. 'आय लिव्ह इन अ व्हिलेज' एवढंच वाक्य तिनं सतरा वेळा म्हटलं होतं आणि सतरा वेळा ६२ टक्के पडले होते. ती म्हणाली, "मॅडम, बाकीचे अडतीस कुठं गेले?"

मी ऐकलं. ती 'लिव्ह'चं 'लीव्ह' करत होती. गावात राहते म्हणायच्या ऐवजी पोर सतरा वेळा गाव सोडत होती. यात तिचा दोष काहीच नाही. 'दिन' आणि 'दीन' आपण लिहिताना वेगळे लिहितो, म्हणताना बहुतेक जण एकच म्हणतात. ऱ्हस्व-दीर्घ हा आपल्याकडं शुद्धलेखनाचा विषय, कानाचा नाही. तिच्या कानाला तो फरक ऐकूच येत नव्हता, मग आणखी सतरा वेळा म्हणून काय होणार? मी तिला एवढंच सांगितलं: 'ली' ओढू नको, ओठ ताणू नको, 'लि' म्हणून लगेच पुढं जा. दोन मिनिटांचं काम. मशीन तेवढंच सांगत नव्हतं. ते फक्त म्हणत होतं, पुन्हा प्रयत्न करा. आणि शेजारी विचारावं, तर मध्ये प्लायवूड.

मुलं हुशार. त्याच महिन्यात पोरांनी शोध लावला की सॉफ्टवेअरमधला नमुन्याचा आवाज मोबाइलवर टेप करून माइकसमोर धरला की नव्वदच्या पुढं जाता येतं. मशीन मशीनशी बोलतंय आणि मुलगा मध्ये मोबाइल धरून बसलाय! मी रागावले नाही. अहवालात मात्र त्या महिन्यात वर्गाची सरासरी चांगली वाढलेली दिसली, आणि तो आलेख वार्षिक अहवालात रंगीत छापला गेला. कोणत्या कॉलेजच्या, ते सांगत नाही.

हे सगळं आपल्याकडंच पहिल्यांदा घडतंय असं मात्र समजू नका. १९५७ च्या ऑक्टोबरात रशियानं स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेला धडकी भरली. पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, तिथं राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा झाला आणि परदेशी भाषा शिकवण्यासाठी शाळाशाळांतून टेपरेकॉर्डरच्या लॅब उभ्या राहिल्या. खोकी, हेडफोन, समोर शिक्षकाचं नियंत्रण-टेबल. आपल्या आजच्या निविदेत असतं तेच चित्र, फक्त टेपच्या जागी हार्ड डिस्क. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या शाळांमध्ये मोठी तुलना झाली. आठवड्यातून दोनदा लॅबमध्ये बसवण्याचा मुलांच्या भाषेवर दिसण्याजोगा परिणाम आढळला नाही. यावर पुष्कळ वाद झाले, शिक्षकांचं प्रशिक्षण, टेपांचा दर्जा वगैरे. पण खोकी मात्र साठ वर्षं टिकली. सुताराचं काम पक्कं असतं.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्ये प्लेटो नावाची संगणक-शिक्षण यंत्रणा सुरू झाली. नारिंगी अक्षरांचे पडदे, त्यावर गणितापासून रशियन-फ्रेंचपर्यंतचे धडे. बनवणाऱ्यांच्या डोक्यात चित्र हेच: एक विद्यार्थी, एक पडदा, एक धडा. १९७३ मध्ये तिथल्या डेव्हिड वूली नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाला काम दिलं गेलं, की यंत्रणेतल्या चुका लोकांना नोंदवता याव्यात अशी काहीतरी सोय कर. त्यानं अशी सोय केली की एकानं अडचण लिहायची आणि तिच्याखाली उत्तरं येत राहायची. तक्रारवहीच ती. पण लोक तिथं नुसत्या तक्रारी लिहून थांबले नाहीत, गप्पा मारू लागले. त्याच वर्षी तिथं एकाच वेळी अनेकांनी टाइप करत बोलायची सोयही निघाली. ज्या मशीनवर माणसाला एकट्यानं शिकायला बसवायचं ठरलं होतं, त्या मशीनवर माणसांनी पहिली संधी मिळताच एकमेकांना शोधलं.

आमच्या जुन्या लॅबमध्येही अशी वही होती. दोनशे पानी, खिळ्याला सुतळीनं बांधलेली, 'प्रश्नवही'. कुणीही प्रश्न लिहावा, कुणीही खाली उत्तर लिहावं, शुक्रवारी मी बघणार. एकानं लिहिलं होतं, 'रिसीट'मध्ये पी असतो तर म्हणत का नाहीत? खाली कुणीतरी उत्तर दिलं, छापणाऱ्याची शाई जास्त खपावी म्हणून. त्याखाली तिसऱ्यानं, 'आपल्या ज्ञ चं पण तसंच आहे, लिहितो एक म्हणतो एक.' मला त्या शुक्रवारी काही लिहायला जागाच उरली नव्हती. नव्या लॅबमध्ये वही नाही. पडद्याच्या कोपऱ्यात 'मदत' असं बटण आहे. ते दाबलं की विक्रेत्याच्या कार्यालयात तक्रार क्रमांक तयार होतो. पासवर्ड विसरला असेल तर दोन दिवसांत उत्तर येतं. बाकीचे अडतीस कुठं गेले, याचं उत्तर त्यांच्याकडं नाही, आणि त्यांनी द्यावं अशी अपेक्षाही नाही.

आता आमच्या मामांबद्दल सांगते. मामा म्हणजे लॅबचे परिचर. दहावी नापास, इंग्रजी फक्त सही पुरतं. काम काय, तर कुलूप उघडणं, धूळ पुसणं, वीज गेली की यूपीएस बंद करणं. पण त्यांना मुलांच्या मागं उभं राहायची सवय होती. एखादी मुलगी वाक्य म्हणायची, मामा मागून म्हणायचे, "पुन्हा एकदा म्हण की गं, भारी वाटलं ऐकायला. काय म्हणालीस म्हणजे?" मग ती त्यांना मराठीत समजावून सांगायची, आणि पुन्हा इंग्रजीत म्हणून दाखवायची, पहिल्यापेक्षा मोठ्यानं. मला सुरुवातीला हा अडथळा वाटे. एकदा मी त्यांना सांगितलंही, मामा, तास चालू असताना नका मध्ये बोलू. आज त्याची लाज वाटते.

कारण नंतर मी कळिकुप्पमबद्दल वाचलं. सुगत मित्रा हे नाव तुम्ही ऐकलं असेल. १९९९ मध्ये दिल्लीत कालकाजीला भिंतीत भोक पाडून संगणक बसवणारे. त्यांनी पुदुच्चेरीजवळच्या कळिकुप्पम गावात एक गंमत केली. तामिळ बोलणाऱ्या मुलांपुढं इंग्रजीतलं जैवतंत्रज्ञान संगणकावर ठेवलं आणि निघून गेले. शिक्षक नाही. काही महिन्यांनी चाचणी घेतली तर मुलं शून्यावरून ३० टक्क्यांवर आलेली. मग त्यांनी मुलांच्या ओळखीच्या एका तरुण बाईंना विनंती केली. त्या हिशेबाचं काम करणाऱ्या, जैवतंत्रज्ञानाचा गंध नाही. काम एवढंच, की मुलांच्या मागं उभं राहायचं आणि आजी करते तसं कौतुक करायचं: अरे वा, हे काय आहे, मला दाखव ना. पुढच्या चाचणीत आकडा ५० च्या आसपास गेला. वाचताना मला आमचे मामाच दिसत होते. त्यानंतर २००९ पासून इंग्लंडातल्या निवृत्त शिक्षिका आणि इतर हौशी मंडळी स्काइपवरून भारतातल्या मुलांशी गप्पा मारू लागली, 'ग्रॅनी क्लाउड' म्हणून ते ओळखलं जातं. आपल्या फलटणच्या कमला निंबकर बालभवनातही सुगत मित्रांच्या प्रकल्पातली अशी एक खोली झाली.

सुगत मित्रांची गोष्ट गोड आहे म्हणून ती पूर्ण गिळायची नाही. उत्तराखंडातल्या अल्मोड्याकडं बसवलेली अशी भिंतीतली यंत्रं पुढं ओस पडलेली आढळली, हेही लिहून ठेवलं गेलं आहे. यंत्र ठेवून निघून गेलं की बहुतेक ठिकाणी तेच होतं. कळिकुप्पमचे वरचे वीस टक्के त्या बाईंनी आणले. आणि निविदेत त्या बाईंची तरतूद कोणत्या रकान्यात करायची, हा माझा प्रश्न आहे. आमचे मामा निवृत्त झाले. भरती बंद असल्यामुळं पद भरलं गेलं नाही. नवी लॅब ऑटोमॅटिक आहे, परिचर लागत नाही, असं विक्रेत्यानं लेखी दिलं होतं. त्या ओळीला तुलनात्मक तक्त्यात जादा गुणही मिळाले.

माझ्या म्हणण्यावर तुमचे आक्षेप काय असतील, ते मला ठाऊक आहेत, कारण स्टाफरूममध्ये ते रोज होतात. दोघांना एकत्र बसवलं की पोरं मराठीत गप्पा मारणार. मारतात. पण त्या गप्पा ऐका जरा. "इथं इन लागतं का ॲट?" हा प्रश्न मराठीत विचारला म्हणून इंग्रजीचं काय बिघडलं? फिफ्टी-फिफ्टीनचं भांडण मराठीत झालं म्हणूनच ते तळापर्यंत गेलं. इंग्रजीत भांडायला लावलं असतं तर दोघी 'सॉरी' म्हणून मोकळ्या झाल्या असत्या.

दुसरा आक्षेप जड आहे: एकाची चूक दुसऱ्याला लागणार. हा नुसता वयस्कर प्राध्यापकांचा कुरकुरेपणा नाही. १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या शाळांमध्ये बंगळूर प्रकल्प झाला, जगभरच्या इंग्रजी शिक्षकांनी तो अभ्यासला. काम देऊन भाषा शिकवायची, ही त्याची दिशा. तो उभा करणारे एन. एस. प्रभू स्वतः मुलांना गटात बोलत सोडायला तयार नव्हते. सारखीच तोकडी भाषा असलेली मुलं आपसात बोलली तर तोकडी भाषाच पक्की होईल, ही त्यांची भीती. ती खोटी नाही. 'काल मी बीडला गेले होते' हे आपलं रोजचं वाक्य. मुली त्याचं 'यस्टरडे आय हॅड गॉन टू बीड' करतात. शेजारणीला ते खटकत नाही, तीही तशीच बोलते. गंमत म्हणजे मशीनलाही खटकत नाही, वाक्य म्हणून त्यात चूक नाही. आपल्या 'गेले होते'चं इंग्रजीत साधं 'वेन्ट' होतं आणि 'हॅड गॉन'ला मागं-पुढं दुसरी घटना लागते, हे दोन्ही भाषा जाणणाऱ्या माणसालाच दिसतं. त्याच्यासाठीच तर मला लॅबमध्ये बसवलं आहे ना? पण नव्या लॅबमध्ये मी नियंत्रण-टेबलामागं बसून कोण लॉग-इन आहे ते बघते. जुन्या लॅबमध्ये मी जोड्यांमधून फिरायचे आणि अशी वाक्यं वहीत टिपून ठेवायचे. शेवटच्या दहा मिनिटांत नाव न घेता फळ्यावर.

तिसरा आक्षेप हल्ली नव्यानं आलाय. "मॅडम, आता एआय आलंय, कॉम्प्युटर स्वतःच मुलांशी बोलतो, शेजारी कशाला हवा?" मी बोलून पाहिलं. खरंच बोलतो. लाजाळू मुलीला रात्री अकरा वाजता, कुणी हसणार नाही अशा जागी, चार वाक्यं बोलायला मिळतात, ही फार मोठी गोष्ट आहे. मी स्वतः मुलींना सांगते की वापरा. पण त्याची एक खोड पाहा. तो सगळं समजून घेतो. 'आय लीव्ह इन अ व्हिलेज' म्हणा, तो म्हणतो, वा, तुमचं गाव कसं आहे? 'सिक्स फिफ्टी'चं काय झालं असतं, तर त्यानं संदर्भावरून अंदाज बांधून आजीला वेळेवर पुण्याला पोचवलं असतं. जुनं सॉफ्टवेअर काहीच समजत नव्हतं, नवं सगळंच समजतं. शेजारी अर्धवट समजतो. "काय? पुन्हा सांग" म्हणतो, कपाळाला आठ्या घालतो. मायकेल लाँग हे अभ्यासक ऐंशीच्या दशकापासून हेच मांडत आले होते, की न समजल्यामुळं दोघांना अर्थासाठी जी घासाघीस करावी लागते, तिच्यातून भाषा पुढं सरकते. आणि मेरिल स्वेन यांना कॅनडात दिसलं की वर्षानुवर्षं फ्रेंचमधून शाळा शिकलेल्या मुलांना ऐकून सगळं कळतं, पण बोलताना व्याकरण ढेपाळतं, कारण नेमकं बोलायची वेळच त्यांच्यावर कमी आली. आमच्या मुलांना मी हे कधी सांगितलं नाही. त्यांना आजी बाकड्यावर बसलेली आठवते, तेवढं पुरे.

जोड्यांनी सगळं सुरळीत होतं असंही नाही. माऊस ज्याच्या हातात त्याचं राज्य, हा पहिला रोग. शहरात शिकून आलेला मुलगा मशीनसमोर बसणार आणि वस्तीवरचा मुलगा बाजूला स्टुलावर बसून मान डोलावणार. त्यावर मी नियम केला: माऊस धरील त्यानं बोलायचं नाही, बोलेल त्यानं माऊसला हात लावायचा नाही, दहा मिनिटांनी अदलाबदल. पहिल्या आठवड्यात बंड झालं, नंतर रुळलं. जोड्या कुणी ठरवायच्या, हा दुसरा. मुलगा-मुलगी शेजारी बसले तर गावात काय बोललं जातं, हे मला कुणी सांगायला नको. मी मुलींना त्यांच्या त्यांच्या जोड्या ठरवू देते. आणि एखाद्याला खरंच एकट्यानं बसायचं असेल तर बसू द्यावं, कोपऱ्यातली दोन खोकी ठेवा की.

आता मागणं. विक्रेत्याला जाब विचारून काही होणार नाही. तो निविदेत लिहिलं तेच देणार. म्हणून निविदाच वेगळी लिहा. प्लायवूडची खोकी काढून टाका, अरुंद टेबलाऐवजी दोन खुर्च्या मावतील असं टेबल घ्या. चाळीस मशीनऐवजी वीस घ्या. होय, मी कमी मागते आहे, सही करताना हात थरथरू देऊ नका. प्रत्येक मशीनला दोन हेडफोन लागतील असा जोड द्या. बाजारात तो किरकोळ किमतीला मिळतो. सॉफ्टवेअर बघताना विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: दोन पडद्यांवर दोन वेगळी माहिती देऊन दोघांना बोलायला लावणारं एक तरी काम यात आहे का? आणि टक्के देत असेल तर अडतीस कुठं गेले ते सांगतं का? तो मोबाइल काढून पुण्याला फोन लावेल. लावू द्या.

वाचलेल्या पैशांतून माणूस द्या. यंत्राला भांडवली निधी मिळतो, माणसाला मिळत नाही, हे मला माहीत आहे. लेखाशीर्ष वेगळं असतं, हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलं आहे की झोपेतही म्हणून दाखवीन. तरी वार्षिक देखभालीचा करार तुम्ही दर वर्षी करताच ना? मशीनच्या देखभालीला दर वर्षी पैसे निघतात, तसे मुलांच्या देखभालीलाही काढायचा ठराव महाविद्यालय विकास समितीत मांडा. मुलांनी रेकॉर्ड केलेलं आज कुणीही ऐकत नाही. आमच्या सर्व्हरवर चार वर्षांची रेकॉर्डिंग पडून आहेत. हजारो वाक्यं, ऐकणारं माणूस शून्य. तासिका तत्त्वावरच्या एका प्राध्यापकाला आठवड्याचे चार तास फक्त ऐकण्यासाठी आणि प्रत्येकाला दोन वाक्यांचं उत्तर पाठवण्यासाठी द्या, आणि त्या तासांचे पैसे वेळेवर द्या. उत्तर आवाजात पाठवलं तर उत्तम, व्हॉट्सॲपवर आज सगळ्यांनाच जमतं. मी एक सत्र माझ्यापुरतं करून पाहिलं. ३४ मुलं, दर रविवारी. दुसऱ्या महिन्यापासून मुलं मला उलट प्रश्न विचारू लागली, मग आपसात माझ्या उत्तरांवर चर्चा करू लागली. तिसऱ्या महिन्यात मला घसा बसल्याचं निमित्त मिळालं आणि मी थांबले. पदरचे रविवार घालून असं काही फार दिवस चालत नाही.

आणि लॅबची वेळ. तीन ते पाच ठेवून उपयोग नाही. आमच्याकडं वस्तीवरच्या मुलींची शेवटची सोयीची गाडी साडेचारला सुटते. त्या चारलाच दप्तर आवरतात. ज्यांना लॅबची सर्वांत जास्त गरज, त्यांनाच ती मिळत नाही, आणि हजेरीपटावर त्यांच्या नावापुढं लाल शाई. वेळापत्रक ठरवताना एकदा एसटी स्टँडवर जाऊन फलक बघून या.

मामांच्या जागेवर मामाच मिळतील असं नाही. पण कमवा आणि शिका योजनेतल्या तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला रोज दोन तास तिथं उभं करता येईल. तिला इंग्रजी चांगलंच यावं अशी अट घालू नका. "पुन्हा एकदा म्हण की" एवढं मनापासून म्हणता आलं तरी चालेल.

आमच्या लॅबमध्ये गुरुवारी अडीच वाजता मी एक बॅच जुन्या पद्धतीनं घेते. चाळीसपैकी वीस मशीन मुद्दाम बंद ठेवते आणि खुर्च्या ओढून दोघादोघांना बसवते. खोक्यांमुळं दाटी होते, पण होतं. ज्यांना यायचं त्यांनी यावं. हार-तुरे नकोत. मागं उभं राहायचं आणि ऐकायचं. आवाजाचा त्रास होईल, आधीच माफी मागते.

आपली नम्र,
तालुक्याच्या गावातली एक इंग्रजीची प्राध्यापिका

ता. क. खोक्यांचं प्लायवूड काढलं तर ते भंगारात घालू नका. आमच्या ग्रंथपालांनी मापं घेऊन ठेवली आहेत, मासिकांच्या मांडणीला ते बरोबर बसतं. फक्त डेडस्टॉक रजिस्टरमध्ये तेवढी नोंद कशी फिरवायची, ते कार्यालयीन अधीक्षकांना विचारून कळवा.